वसंतराव नाईक आणि आमच्या वावराची माती



मी इयत्ता ४ थीत शिकते. दरवर्षी १ जुलैला आपल्या शाळेत कृषी दिन होतो. त्या दिवशी वसंतराव नाईक यांची जयंती असते. या वेळी गुरुजींनी आम्हाला त्यांचं चरित्र लिहून आणायला सांगितलं. मी एक पान लिहिलं. त्यात जन्म, शिक्षण, मृत्यू असं सगळं होतं. गुरुजींनी ते वाचलं आणि विचारलं की नाईक साहेबांचा आणि तुमच्या वावराचा काय संबंध? मला उत्तर आलं नाही. गुरुजी म्हणाले की उत्तर सापडलं की मग लिही, मी भिंतीवर जागा राखून ठेवतो. घरी जाऊन मी रडले. मग आबांना, आजीला, बाबांना आणि गावात येणाऱ्या कृषी सहायक साहेबांना विचारत गेले. आता उत्तर सापडलं असं मला वाटते. म्हणून २६ जानेवारीच्या या अंकात लिहिते. चूकभूल माफ करावी.

वसंतराव नाईक आपल्याच यवतमाळ जिल्ह्याचे. त्यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली या गावी झाला. वडिलांचं नाव फुलसिंग आणि आईचं नाव हुणाबाई. ते बंजारा समाजाचे. जुन्या काळी बंजारा लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. तांडाच्या तांडा चालत असे. पुढे रेल्वे आली आणि त्यांचा तो धंदा बुडाला. मग कितीतरी तांडे जागच्या जागी थांबले आणि शेती करू लागले. गहुली हे गाव वसंतरावांच्या आजोबांनी वसवलं. त्यांचं नाव चतुरसिंग नाईक. म्हणजे फिरणाऱ्या माणसांनी मातीत पाय रोवले आणि त्याच घरात हा मुलगा जन्मला.

गहुलीत तेव्हा शाळा नव्हती. वसंतराव आजूबाजूच्या गावांत जाऊन शिकले. आमच्या वर्गातली तांड्यावरची मुलं पावसाळ्यात चिखल तुडवत शाळेत येतात, तेव्हा मला हे आठवते. पुढचं शिक्षण अमरावती आणि नागपूरला झालं. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते १९३८ साली बी. ए. झाले. १९४० साली वकिलीची परीक्षा पास झाले. अमरावतीला त्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासोबत वकिलीला सुरुवात केली. मग ते पुसदला आले. १९४१ साली त्यांचं लग्न वत्सलाबाई घाटे यांच्याशी झालं. दोघांची जात वेगळी होती. त्या काळी लोकांना ते पटलं नाही, पण दोघं डगमगले नाहीत.

१९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ साली आमदार झाले. आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथे ते उपमंत्री झाले. पुढे मुंबई राज्यात ते शेतीखात्याचे मंत्री झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक साहेब मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. अकरा वर्षांहून जास्त झाले. सलग इतकी वर्षं महाराष्ट्राचा मुख्यमंत्री दुसरा कोणी राहिला नाही. शाळेतल्या फोटोत त्यांच्या हातात पाइप आहे. गुरुजी म्हणाले की त्यांचं बाकी सगळं घ्या, तेवढं घेऊ नका.

त्या वेळी देशात धान्य कमी पडत होतं. अमेरिकेहून जहाजानं गहू येत असे. राशनच्या दुकानापुढे रांगा लागत. १९६५ साली पुण्याला शनिवारवाड्यासमोरच्या सभेत नाईक साहेबांनी जाहीर केलं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही, तर मला फासावर लटकवा. एवढा मोठा शब्द त्यांनी दिला. आबा म्हणतात की मुख्यमंत्र्याच्या तोंडून असं पहिल्यांदाच ऐकलं.

मग गावोगाव हायब्रीड ज्वारी आली. आपल्या देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण १९६४ साली निघालं होतं. त्याचं नाव सीएसएच-१. गावठी ज्वारी माणसाहून उंच वाढे, पण कणीस लहान. हायब्रीडचं झाड ठेंगणं आणि कणीस भरगच्च. सोबत खताच्या गोण्या आल्या, विहिरी झाल्या, पंप आले. आबा सांगतात की ज्या घरी चार पोती होत नव्हती, तिथे खळ्यावर रास दिसू लागली. आबांच्या घरी दोन वेळची भाकर तेव्हापासून आली. म्हणून आबा नाईक साहेबांचं नाव घेताना टोपी नीट करतात.

आजीचं मत थोडं वेगळं आहे. ती म्हणते की हायब्रीडची भाकर गावठीसारखी गोड लागत नव्हती, आणि पावसात सापडली की ज्वारी काळी पडे. शिवाय झाड ठेंगणं म्हणून कडबा कमी. कडबा कमी झाला तर ढोरं कशी पोसणार? ढोरं कमी झाली की शेणखतही कमी झालं. ही गोष्ट पुढे कामाची आहे, ती लक्षात ठेवा.

आता आमच्या घरची गोष्ट. हे लिहू का असं मी आईला विचारलं. आई म्हणाली की लिही, गावात कोणाचं नाही गेलं?

मागच्या वर्षी आमच्या पऱ्हाटीवर लाल्या आला. बोंडं धरली आणि पानं कडेनं लाल होऊ लागली. वरच्या बाजूचं वावर आधी लाल झालं. तिथली जमीन बरड आहे, खाली मुरूम लागते. बोंडं बारीक राहिली. दोन वेचे झाले आणि पऱ्हाटी वाळली. खताची उधारी होती, म्हणून आईचं डोरलं गहाण पडलं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. ते म्हणाले की या खतानंच जमीन मारली, हायब्रीडच्या काळापासून सगळं बिघडलं. आबांना राग आला. आबा म्हणाले की नाईक साहेबांनी पोटाला भाकर दिली, त्यांना बोल लावू नको. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मला कळेना की कोण खरं.

मी गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी वर्गात एक प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या बुडाकडून कापल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि उलट्या टांगल्या. एकीत नदीची धुतलेली वाळू भरली. दोघींत आमच्या खालच्या वावरातली काळी माती बारीक करून भरली. जखमेला लावतात ते जांभळं औषध पाण्यात कालवलं आणि वाळूत व एका मातीत ओतलं. वाळूतून जांभळं पाणी लगेच खाली आलं. मातीतून थेंब थेंब येत होतं. मधल्या सुट्टीनंतर पाहिलं तर मातीतून आलेलं पाणी स्वच्छ! जांभळा रंग मातीनं धरून ठेवला होता. मग दुसऱ्या मातीत लाल शाईचं पाणी ओतलं. ते मात्र खाली लालसरच आलं. लाल रंग मातीनं धरला नाही.

गुरुजींनी समजावलं ते असं. आपली काळी माती काळ्या दगडापासून झाली. तो दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून निघालेला लाव्हा. या मातीचे कण फार बारीक असतात आणि त्यांच्या अंगी एक प्रकारची वीज असते. त्याच्या उलट वीज असलेलं अन्न ते चिकटवून ठेवतात, जसं जांभळं औषध. पालाश, मॅग्नेशियम, चुना हे असे धरले जातात. कुजलेलं शेणखतही असंच धरून ठेवते. वाळूला आणि मुरमाला ते जमत नाही.

युरियाचं वेगळं आहे. एका ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असते. युरिया साखरेसारखा पाण्यात विरघळतो. मातीतले जीवजंतू थोड्या दिवसांत त्याचा अमोनिया करतात. तो माती धरते. पण पुढे त्याचंच नायट्रेट होते, आणि ते लाल शाईसारखं. पाणी जिकडे जाईल तिकडे ते जाते. युरिया नुसता वरून फेकला आणि उघडा राहिला तर चुनखडीच्या जमिनीत काही भाग हवेत उडून जाते. स्फुरदाचं आणखी निराळं. ते चुनखडीशी घट्ट बसते. जमिनीत असते, पण मुळाला मिळत नाही.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. मागच्या वर्षी बाबांनी युरिया वरून फेकला आणि त्याच रात्री लय पाणी आलं. सकाळी नाल्याला गढूळ पूर होता. तो गढूळ रंग म्हणजे आमची माती, आणि त्यात न दिसणारी आमची गोणी. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. नाल्याकडे पाहत राहिले.

मी गुरुजींना विचारलं की झाड हे अन्न खाते कसं? गुरुजी म्हणाले की मूळ काही माती चावत नाही. मुळाला बारीक केसासारख्या पांढऱ्या मुळ्या असतात. मातीच्या ओलीत विरघळलेलं तेवढंच अन्न त्या घेतात. ओल नसेल तर खत टाकूनही झाड उपाशी राहते. मूळ आपल्याकडून आंबटपणा सोडते आणि मातीच्या कणाला चिकटलेलं अन्न त्याच्या बदल्यात घेते. आजीच्या लहानपणी ज्वारी देऊन मीठ घेत होते, तसा हा अदलाबदलीचा बाजार जमिनीच्या आत रोज भरते.

बोंडं धरली की पऱ्हाटीला नत्र आणि मॅग्नेशियम जास्त लागते. जमिनीतून मिळालं नाही तर झाड पानातलं काढून बोंडांना देते. त्यात रात्री थंडी पडली की पानं आणखी लाल होतात. कृषी सहायक साहेब म्हणाले की लाल्या हा दर वेळी किडीमुळे नसते, बरेचदा तो भुकेमुळे असते.

आता मला आबा आणि बाबा दोघांचंही समजलं. जास्त पिकणारं बियाणं जमिनीतून जास्त अन्न घेते. कणगीतून रोज ज्वारी काढली आणि एक पायलीही टाकली नाही, तर कणगी रिकामी होईलच. त्यात कणगीच्या बुडाला भोक असेल तर आणखीच लवकर. गोणीतलं खत हे एक भरणं झालं. पण शेणखत गेलं, पालापाचोळा जाळला, धुरे फुटले, हे भोक आपणच पाडलं. नाईक साहेबांनी बियाणं दिलं. कणगी भरून ठेवणं हे रोजचं काम घरच्यांचं.

नाईक साहेबांनी भोक बुजवायचं कामही केलं, ते मला नंतर कळलं. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. पीक गेलं, माणसांना काम नाही. तेव्हा सरकारनं लाखो माणसांना कामं दिली. रोजगार हमी योजना त्याच वर्षी राज्यभर सुरू झाली. वि. स. पागे यांनी ती सुचवली होती आणि नाईक साहेबांच्या सरकारनं ती चालवली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामांत रस्ते झाले, बांध घातले, नाले अडवले, पाझर तलाव झाले.

आपल्या गावाच्या वरच्या अंगाला जो तलाव आहे ना, तो त्याच काळचा. आबा आणि आजी दोघं त्यावर कामाला होते. आबा खोदत आणि आजी डोक्यावर टोपली वाहत होती. तेव्हा खायला सुकडी मिळे आणि राशनवर लाल मिलो मिळे. आजी म्हणते की उन्हात टोपली वाहताना वाटे, हे कोणासाठी करतो? पोटासाठी करत होतो, बाकी काही माहीत नव्हतं.

इथे माझ्या चरित्रात नाईक साहेब आणि आमचं वावर एकत्र येतात. मागच्या उन्हाळ्यात तलाव आटला. गाळ काढून वावरात टाकायची सरकारची योजना २०१७ पासून आहे. कृषी सहायक साहेबांनी सांगितलं की हा गाळ म्हणजे तुमच्याच शिवारातून धुऊन गेलेली बारीक माती आहे. जे अन्न मातीला चिकटलं होतं ते मातीसोबत इथे येऊन बसलं. तलाव नसता तर ते पैनगंगेत गेलं असतं. आजीनं टोपली टोपली वाहून बांधलेल्या पाळीनं पन्नास वर्षं आमची माती धरून ठेवली होती. हे ऐकून आजी गप्प झाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

बाबांनी वरच्या बरड वावरात एका एकरात गाळ टाकला. गाळाला पैसे लागले नाहीत, ट्रॅक्टरला लागले. साहेब म्हणाले की खालच्या भारी जमिनीत टाकू नका, तिथे पाणी तुंबेल. त्याआधी आम्ही माती तपासायला दिली. मीही गेले होते. झाडाखालची आणि उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. इंग्रजी व्ही सारखा खड्डा करायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी काढायची, अशी आठ-दहा ठिकाणची मिसळून अर्धा किलो ठेवायची. पत्रिका आली. त्यात नत्र कमी, स्फुरद कमी, जस्त कमी आणि पालाश भरपूर. बाबा दरवर्षी पालाशही विकत आणत होते! ते पैसे या वेळी वाचले.

पाऊस आल्यावर पेरणी उताराला आडवी केली. पऱ्हाटीत तुरीचे तास घेतले. तुरीच्या मुळावर बारीक गाठी असतात. त्यातले जीवजंतू हवेतलं नत्र पकडतात. मी एक रोप उपटून गाठ नखानं फोडून पाहिली, आत गुलाबी होती. युरिया या वेळी तीनदा थोडा थोडा दिला, ओलीत, झाडाजवळ, आणि डवऱ्यानं लगेच मातीआड केला.

दिवाळीपर्यंत मी रोज शाळेतून येताना वावरात जाऊन पानं पाहत होते. गाळाच्या एकरात पानं हिरवी राहिली. शेजारच्या पट्ट्यात थोडी लाल झाली. गाळाच्या एकरात एक वेचा जास्त निघाला. फार मोठं काही झालं नाही. भाव आपल्या हातात नसते. आईचं डोरलं अजून सुटलं नाही. पण आबा आणि बाबा आता रात्री एकत्र जेवतात, आणि यंदा पऱ्हाटी जाळायची नाही, कुजवायची असं दोघांनी मिळून ठरवलं आहे.

नाईक साहेबांची आणखी कामं सांगते. त्यांच्या काळात महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं झाली. १९६८ साली राहुरी, १९६९ साली अकोला, १९७२ साली परभणी आणि दापोली. अकोल्याच्या विद्यापीठाला पंजाबराव देशमुख यांचं नाव आहे, ज्यांच्यासोबत नाईक साहेबांनी वकिली सुरू केली होती. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ साली स्वतः नाईक साहेबांचं नाव दिलं. त्या वर्षी त्यांच्या जन्माला १०० वर्षं झाली होती. १९७२ साली त्यांच्या सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. सरकार शेतकऱ्याचा सगळा कापूस विकत घेई. ती योजना आता नाही, पण आबा तिची आठवण काढतात.

१९७७ साली ते वाशीम मतदारसंघातून खासदार झाले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचं निधन झालं. गहुलीच्या तांड्यातला मुलगा इतक्या दूर जाऊन गेला. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून साजरा होतो.

गुरुजींच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. नाईक साहेबांनी आमच्या वावराला बियाणं दिलं आणि आमच्या आजीच्या हातून तलाव बांधून घेतला. बियाण्यानं घेतलेलं मातीला परत देणं आमच्याकडे राहिलं होतं. ते आम्ही एका एकरात सुरू केलं आहे. अजून चार एकर बाकी आहे.

पालकांना माझी विनंती आहे की उन्हाळ्यात तलावाकडे एकदा जाऊन पाहा. अजून लय गाळ शिल्लक आहे. आणि माती तपासायची असेल तर खड्डा कसा करायचा ते आम्ही चौथीची मुलं दाखवून देऊ.

जय जवान, जय किसान.

इयत्ता ४ थीची विद्यार्थिनी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. पुसद, जि. यवतमाळ